दफ्तरखान्यातील विनोदकार : चिं. वि. जोशी

चिंतामण विनायक जोशी यांचा जन्म १८९२ साली पुण्यात झाला. पाली भाषा व बौद्ध वाङ्मय हे त्यांच्या व्यासंगाचे विषय. बडोद्याच्या महाविद्यालयात पालीचे अध्यापन आणि संस्थानच्या दफ्तरखान्याचे काम सांभाळून त्यांनी ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ (१९३२), ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ (१९३३) असे विनोदी लेखन केले. त्यांचा चिमणराव हा पापभीरू कारकून. बायकामुले, आई, गुंड्याभाऊ, कचेरी यांपासून तो पळत नाही. त्या रगाड्यातच त्याला गंमत सापडते आणि तो प्रथम स्वतःलाच हसतो. कोल्हटकर-गडकऱ्यांच्या कोटिबाज विनोदाहून ही वाट वेगळी, आणि आमच्या मते अधिक अवघड. येथे शब्दांच्या कसरतीचा आधार नाही. १९६३ साली जोशी निवर्तले, तोवर चिमणराव-गुंड्याभाऊंची जोडी चित्रपटातही अवतरली होती.