वाचकांच्या डोळ्यांचा कैवारी : जॉन बास्करव्हिल

एखादा ग्रंथ वाचून संपला म्हणजे आपण ग्रंथकाराची स्तुति करतों, भाषांतरकाराचे आभार मानतों, आणि तो ग्रंथ भेट देणाऱ्या मित्रासही विसरत नाहीं. परंतु त्या ग्रंथाचीं पानें कशीं जुळवावीं, दोन ओळींमध्यें किती जागा मोकळी ठेवावी, समास किती रुंद सोडावा, शाई किती काळी असावी, याचा ज्यानें विचार केला, त्याचें नांव सहसा कोणाच्या ओठीं येत नाहीं. उत्तम जुळणीचा धर्मच असा आहे कीं, ती दिसत नाहीं. वाचक थेट अर्थापर्यंत जाऊन पोंहोंचतो. वाईट जुळणी मात्र तत्काळ जाणवते. डोळे शिणतात, एकच ओळ दोनदां वाचली जाते, आणि दोष आपण आपल्याच आळसास देतों. अशा विस्मृत कारागिरांपैकीं ज्याचें नांव अजूनही छापखान्यांतून आदरानें घेतलें जातें, त्या जॉन बास्करव्हिल याचें चरित्र आमच्या वाचकांस थोडक्यांत सांगावें, असा आमचा मानस आहे.

इंग्लंडांतील वुस्टरशायर परगण्यांत वुल्व्हर्ली नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें १७०६ सालच्या सुमारास जॉनचा जन्म झाला. विशी उलटण्याच्या वेळीं तो बर्मिंगहॅम शहरीं आला व मुलांस सुंदर हस्ताक्षर शिकविणारा पंतोजी म्हणून पोट भरूं लागला. त्याबरोबरच थडग्यांच्या शिळांवर अक्षरें कोरण्याचें कामही तो करी. आपल्या कसबाचा नमुना म्हणून निरनिराळ्या वळणांचीं अक्षरें कोरलेली त्याची एक दगडी पाटी बर्मिंगहॅम येथें अद्यापि जतन करून ठेविलेली आहे. एका हातीं लेखणी व दुसऱ्या हातीं छिन्नी, अशी ही त्याची उमेदवारी होती. अक्षराचें सौंदर्य जितकें काळ्या रेघेंत, तितकेंच तिच्या भोंवतालच्या कोऱ्या जागेंत असतें, हा धडा तो याच दिवसांत शिकला असावा, असें आम्हांस वाटतें.

परंतु पंतोजीपणावर कोणी धनवान् होत नाहीं. १७४० च्या सुमारास बास्करव्हिल रोगणाच्या धंद्यांत शिरला. जपानी पद्धतीचें चकचकीत रोगण चढविलेलीं तबकें व डब्या यांची त्या काळीं श्रीमंतांच्या घरीं मोठी चहा होती. १७४२ सालीं त्यानें या धंद्यासंबंधीं सरकारी सनद मिळविली आणि थोड्याच वर्षांत तो गबर झाला. शहराबाहेर ईझी हिल या ठिकाणीं त्यानें टुमदार घर बांधलें. जरीचे कपडे घालून, रंगीत चित्रांनीं सजविलेल्या आपल्या गाडींतून तो हिंडूं लागला. येथेंच कथा संपली असती, तर बर्मिंगहॅमच्या अनेक व्यापाऱ्यांपैकीं एक म्हणून जग त्याला विसरून गेलें असतें. परंतु चाळिशी उलटल्यावर, १७५० च्या सुमारास, त्याच्या मनांत तरुणपणचें अक्षरांचें वेड पुन्हां उचंबळून आलें.

त्या काळीं इंग्लंडांत विल्यम कॅस्लन याचे खिळे सर्वमान्य होते. बास्करव्हिल त्यांचा चाहता होता. परंतु आणखी रेखीव अक्षर घडवितां येईल, अशी त्याची खात्री होती. खिळा करावयाचा तर प्रथम पोलादी ठशावर अक्षर उलटें कोरावें लागे. तो ठसा तांब्यावर ठोकून साचा होई. आणि साच्यांत शिशाचा रस ओतला म्हणजे खिळा तयार होई. ठसे कोरण्याचें काम जॉन हँडी नांवाच्या कुशल कारागिरानें केलें. वळण मात्र बास्करव्हिलचें. केवळ खिळ्यांवर तो थांबला नाहीं. छापयंत्राचे भाग त्यानें अधिक काटेकोर बनवून घेतले. शाई इतकी काळीभोर केली कीं, तिची ख्याति झाली. छापलेले ताव तापविलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्यें दाबून तो कागदास तकाकी आणी. या खटाटोपांत सुमारें सात वर्षे व रोगणाच्या धंद्यांतील पुष्कळसा पैसा खर्च झाला. अखेर १७५७ सालीं व्हर्जिल कवीच्या लॅटिन काव्याची त्याची पहिली आवृत्ति बाहेर पडली.

ती पाहून रसिक थक्क झाले. मुखपृष्ठावर वेलबुट्टी नाहीं, चौकट नाहीं. केवळ अक्षरें, आणि त्यांच्या सभोंवतीं ऐसपैस मोकळी जागा. आंतील ओळीही सुट्या सुट्या, समास रुंद. पुढें १७६१ सालीं जोसेफ ॲडिसन याच्या लेखनाचे चार खंड त्यानें छापले, तेव्हां गद्याच्या परिच्छेदांसही हाच मोकळेपणा लाभला.

यांत त्यानें काय साधलें, हें कळण्यासाठीं आपण वाचतों कसें, हें पाहिलें पाहिजे. वाचतांना डोळा ओळीवरून सरळ घसरत जात नाहीं. तो लहान लहान उड्या मारतो, क्षणभर थांबतो आणि पुन्हां उडी मारतो. ओळ संपली कीं त्याला मागें वळून पुढच्या ओळीचें तोंड शोधावें लागतें. ओळ फार लांब असली, किंवा दोन ओळी एकमेकींस चिकटून असल्या, तर तो पुन्हां त्याच ओळीवर येतो किंवा एक ओळ गाळून खालीं उतरतो. शब्दांमधील जागा ओळींमधील जागेहून अधिक झाली, तर तो पुढच्या शब्दाकडे न जातां खालच्या शब्दाकडे ओढला जातो. परिच्छेदाची पहिली ओळ किंचित् आंत सरकविली, म्हणजे एक विचार संपून दुसरा सुरू झाला, हें वाचण्यापूर्वींच समजतें. जुळारी ओळींमध्यें शिशाच्या पातळ पट्ट्या घालीत, त्या डोळ्याची ही वाट मोकळी करण्यासाठींच. आपल्या बाळबोध अक्षरांस तर ही जागा अधिकच लागते. कारण त्यांच्या डोक्यावर मात्रा, वेलांट्या व रफार आणि पायाशीं उकार असतात. ओळी दाटल्या म्हणजे वरचे उकार आणि खालच्या मात्रा यांची झोंबाझोंबी सुरू होते.

एवढें करूनही बास्करव्हिलच्या वांट्यास टीकाच पुष्कळ आली. त्याच्या अक्षरांच्या बारीक रेघा फारच बारीक आहेत, कागद फार चकाकतो, हीं पुस्तकें वाचून सारें राष्ट्र आंधळें होईल, असें लंडनचे लोक म्हणूं लागले. यासंबंधीं १७६० सालची एक मौज प्रसिद्ध आहे. अमेरिकेचा थोर पुरुष बेंजामिन फ्रँक्लिन हा त्या वेळीं लंडनमध्यें होता. तो स्वतः मुद्रक असून बास्करव्हिलच्या व्हर्जिलच्या सहा प्रती त्यानें मागविल्या होत्या. एक गृहस्थ त्याच्यापुढें बास्करव्हिलच्या अक्षरांची निंदा करूं लागला. फ्रँक्लिननें कॅस्लनच्या खिळ्यांचा नमुन्याचा ताव काढला, त्यावरील नांव फाडून टाकलें, आणि तो बास्करव्हिलचाच म्हणून त्या गृहस्थापुढें ठेविला. गृहस्थानें एकेक अक्षर दाखवून त्यांतील दोष सांगितले व तें वाचतांना आपले डोळे दुखतात, अशी तक्रार केली. जन्मभर ज्या अक्षरांत तो सुखानें वाचीत आला होता, तींच हीं अक्षरें! फ्रँक्लिननें त्यास लाजविलें नाहीं. परंतु ही हकीकत बास्करव्हिलला पत्रानें कळविली. आधीं मत बनवून मग पाहणाऱ्यास डोळे असून दिसत नाहीं, याचें हें उत्तम उदाहरण होय.

१७५८ सालीं केंब्रिज विद्यापीठानें त्यास आपला मुद्रक नेमिलें. तेथें १७६३ सालीं त्यानें छापलेलें मोठ्या आकाराचें बायबल हें मुद्रणकलेचें एक भूषण मानलें जातें. येथें एक नवल सांगितलें पाहिजे. बास्करव्हिलचा धर्मावर विश्वास नव्हता, आणि तें तो लपवीतही नसे. त्याचीं मतें आमच्या शाळेंत शिकविलीं जाणारीं नव्हेत. तरीही ज्या ग्रंथावर त्याची श्रद्धा नव्हती, त्याच्या वाचकाच्या सोईंत त्यानें यत्किंचितही कसूर केली नाहीं. कामाशीं असलेली ही सचोटी कोणत्याही मताच्या माणसानें शिकण्याजोगी आहे.

मात्र या बायबलाच्या पुष्कळ प्रती खपल्या नाहींत. मुद्रणानें त्यास कीर्ति दिली, पण पैसा नेला. आपले खिळे विकण्याची त्यानें खटपट केली; गिऱ्हाईक मिळालें नाहीं. पुढें पुन्हां हुरूप धरून १७७० नंतर त्यानें होरेस इत्यादि लॅटिन कवींच्या देखण्या आवृत्त्या काढल्या. १७७५ सालच्या जानेवारींत त्याचा देहान्त झाला व त्याच्या इच्छेप्रमाणें त्याच्याच बागेंत त्यास पुरण्यांत आलें.

त्याची पत्नी सेरा हिनें कांहीं काळ कारखाना चालविला. परंतु स्वदेशांत त्या खिळ्यांची चहा झाली नाहीं, म्हणून १७७९ सालीं ते फ्रान्समधील नाटककार बोमार्शे याच्या मंडळास विकले गेले. ऱ्हाईन नदीकांठच्या केल या गांवीं त्याच अक्षरांत व्होल्तेरच्या समग्र ग्रंथांचे सत्तर खंड छापले गेले. विसाव्या शतकांत इंग्रजांस आपली चूक उमगली. १९२३ सालीं मोनोटाइप कंपनीनें बास्करव्हिलचें वळण नव्यानें प्रचारांत आणिलें, आणि १९५३ सालीं फ्रान्समधील एका खिळे ओतणाऱ्या कंपनीनें त्याचे मूळ पोलादी ठसे केंब्रिजच्या विद्यापीठास भेट दिले. ज्या घरांतून कांहीं न मिळवितां तो निघाला होता, तेथें त्याचीं अक्षरें पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळानें सन्मानानें परत आलीं. आज शिशाचे खिळे मागें पडून संगणकावर जुळणी होते, तरी त्याच्या नांवाचें अक्षर तेथेंही हजर आहे.

वार्षिकाची जुळणी करितांना लेख पुष्कळ व पानें थोडीं असलीं, म्हणजे ओळी दाटून आणखी एक लेख बसवावा, असा मोह आम्हांस होतो. बास्करव्हिलच्या चरित्रानें त्या मोहास आळा घातला आहे. कोरी जागा वाया गेली, असें समजूं नये; ती वाचकास दिलेली विसाव्याची जागा होय. आमच्या विद्यार्थिमित्रांनींही आपल्या वहींत समास सोडतांना, दोन ओळींत अंतर ठेवतांना व नवा परिच्छेद आंत सरकवून लिहितांना एवढें ध्यानीं ठेवावें कीं, आपण जें लिहितों तें दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांनीं वाचलें जाणार आहे.