सारा ते मॅडम वॉकर

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. तेव्हा वार्षिकासाठी लेख दे, असे मराठीच्या सरांनी सांगितले, त्या वेळी एखाद्या थोर पुढाऱ्याचे चरित्र लिहावे असेच माझ्या मनात आले होते. पण लिहायला बसले आणि आठवण झाली ती एका परदेशी धोबिणीची. त्याला कारण माझे डोके! हसू नका. ज्यांचे केस माझ्यासारखे दाट, कुरळे आहेत त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

लहानपणी आमच्या गल्लीत मला मुले ‘झिपरी’ म्हणत. आई खोबरेल तेल थापून, करकचून वेण्या घालून ते बंड मोडायचा प्रयत्न करी. अकरावीत गेल्यावर डोक्यात कोंडा झाला, खाज सुटली आणि वेणीच्या भांगाशी केस विरळ दिसू लागले. जो तो सांगे, तेल वाढव. तेल वाढवले तसा कोंडाही वाढला. अशा दिवसांत इतिहासाच्या पेपरासाठी अमेरिकेतल्या गुलामगिरीवर टिपणे काढत असताना मला सारा ब्रीडलव्ह भेटली. जिने डोक्याच्या कातडीच्या दुखण्यातून आपले आणि हजारो बायकांचे आयुष्य उभे केले, ती ही बाई.

साराचा जन्म 23 डिसेंबर 1867 रोजी लुइझियाना राज्यात, मिसिसिपी नदीकाठच्या डेल्टा या गावी झाला. तिचे आईवडील ओवेन आणि मिनर्व्हा हे कापसाच्या मळ्यावरचे गुलाम. 1865 साली अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली आणि ब्रीडलव्हांच्या घरात स्वतंत्र म्हणून जन्मलेले पहिले मूल म्हणजे सारा. पण स्वातंत्र्य मिळाले म्हणून कापूस काही सुटला नाही. माझी आई आजही हंगामात वेचणीला जाते. बोंडाच्या टोकांनी बोटे कशी सोलतात ते मी पाहिले आहे. त्यामुळे साराचे बालपण मला पुस्तकात वाचावे लागले नाही, ते डोळ्यांपुढे उभेच राहिले.

1873 साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना ती अर्पण केली. त्या वेळी सारा पाच वर्षांची होती. पुण्यातला एक माणूस जिच्या जातभाईंच्या मुक्तीचा आनंद मानत होता, तिला त्याचा पत्ताही नव्हता!

सातव्या वर्षी सारा पोरकी झाली. थोरली बहीण लुव्हिनिया हिच्या आश्रयाला ती राहिली, पुढे त्या दोघी नदीपलीकडच्या व्हिक्सबर्गला गेल्या. मेहुणा निर्दय होता. त्याच्या जाचातून सुटायचे म्हणून चौदाव्या वर्षी तिने मोझेस मॅकविल्यम्स याच्याशी लग्न केले. 1885 साली लीलिया ही मुलगी झाली आणि मुलगी दोन वर्षांची असतानाच नवरा वारला. विसाव्या वर्षी वैधव्य, पदरात पोर, हाताला अक्षरओळख जवळजवळ नाही. पुढची वाट तिने स्वतःच शोधली. सेंट लुइस शहरात तिचे भाऊ न्हाव्याचा धंदा करीत होते. लेकीला घेऊन ती तिकडे गेली आणि लोकांची धुणी धुऊ लागली.

दिवसभर उकळते पाणी, वाफ आणि क्षाराचा जहाल साबण. मजुरी दिवसाला जेमतेम दीड डॉलर. पण त्यातून पैसा पैसा बाजूला टाकून तिने लीलियाला टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिल कॉलेजात शिकायला पाठवले. हे वाक्य मी टिपणवहीत उतरवले तेव्हा माझा हात थांबला. वेचणी संपली की माझी आई गावातल्या चार घरी धुणीभांडी करते. कॉलेजच्या अर्जावर तिच्या धंद्याच्या रकान्यात मी ‘गृहिणी’ असे लिहिले होते. ते खोटे होते, आणि ते खोटे मी लाजेने लिहिले होते.

सारा तिशीत आली आणि तिचे केस मूठमूठ गळू लागले. डोक्यावर जागोजागी चट्टे पडले. हे दुखणे तिच्या एकटीचे नव्हते. गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांत घरात नळ नसे, त्यामुळे न्हाणे दिवसेंदिवस लांबे. न्हायचे तर तोच जहाल साबण. शिवाय अन्न निकृष्ट आणि कष्ट अपार. कोंडा साचे, कातडी सुजे, खवडे पडत, मग केसांची मुळे कुठे टिकणार? तशात बाजारातली सारी प्रसाधने गोऱ्या बायकांच्या सरळ केसांसाठी. कुरळ्या केसांची कैफियत ऐकणारे कोणी नव्हते.

आता ही कैफियत काय असते, ते थोडे सांगते. आपल्या डोक्याच्या कातडीतून नैसर्गिक तेल झिरपत असते. सरळ केसावरून ते सहज टोकापर्यंत उतरते. कुरळा केस म्हणजे घाटाचा रस्ता, तेल वळणावळणाला अडते. म्हणून मुळाशी तेलकटपणा व कोंडा, आणि टोकाशी कोरडेपणा व गुंता, अशी दुहेरी तक्रार एकाच डोक्यावर नांदते. कोंडा वाढवणारी एक सूक्ष्म बुरशी कातडीवरच्या तेलावरच जगते. मी तेल थापत होते म्हणजे तिला जेवू घालत होते! तेव्हा औषध टोकांना नव्हे, मुळांना हवे. डोके नियमित धुवावे, नखांनी खरवडू नये, बोटांच्या पेरांनी हळू चोळावे. तेल लावायचेच तर केसांच्या लांबीला लावावे. गुंता रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे सोडवावा. वेणी कपाळ ताणले जाईल इतकी घट्ट घालू नये.

साराला यातले शास्त्र ठाऊक नसले तरी मर्म कळले होते. आधी तिने ॲनी टर्नबो या कृष्णवर्णीय उद्योजक बाईंची केसांची उत्पादने दारोदार विकली. 1905 साली ती डेन्व्हरला गेली. तिथे एका औषधविक्रेत्याकडे स्वयंपाकीण म्हणून राहिली आणि रात्री आपली मलमे घोटू लागली. स्वप्नात एका कृष्णवर्णीय पुरुषाने येऊन आपल्याला कृती सांगितली, असे ती पुढे सांगत असे. स्वप्नाचे काही असो, तिच्या मलमातले महत्त्वाचे द्रव्य होते गंधक. गंधक त्वचेच्या विकारांवर पूर्वीपासून वापरात होता, आपल्याकडेही खरजेला गंधकाचे मलम लावतातच. तिने नवे काय केले, तर एक पद्धत बसवली. आधी डोके स्वच्छ धुणे, मग मुळांना मलम, मग केस विंचरणे आणि तापवलेल्या कंगव्याने वळण देणे.

1906 च्या जानेवारीत तिने चार्ल्स जोसेफ वॉकर याच्याशी लग्न केले आणि मालाच्या डब्यावर नाव छापले, मॅडम सी. जे. वॉकर. त्या काळी गोरे लोक काळ्या बाईला, ती आजी झाली तरी, एकेरी नावानेच हाक मारीत. तिने आपल्या नावामागे ‘मॅडम’ लावून ती वाटच बंद केली. म्हणून इथून पुढे मीही त्यांना अहोजाहो करते.

1908 मध्ये मॅडम वॉकरांनी पिट्सबर्गला लेकीच्या नावाने लीलिया कॉलेज काढले. तिथे डोक्याची निगा कशी राखावी याचे शिक्षण घेऊन बायका ‘वॉकर एजंट’ म्हणून बाहेर पडत. 1910 साली इंडियानापोलिसला कारखाना उभा राहिला. ज्यांना धुणी आणि स्वयंपाक याखेरीज काम नव्हते, अशा हजारो स्त्रिया स्वतःच्या कमाईवर उभ्या राहिल्या. 1912 साली शिकागोला कृष्णवर्णीय व्यापाऱ्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते थोर नेते बुकर टी. वॉशिंग्टन. बाईंना बोलण्याची संधी मिळेना. अखेरच्या दिवशी त्या जागेवरूनच उठल्या आणि कापसाच्या शेतापासून स्वतःच्या कारखान्यापर्यंतचा आपला प्रवास त्यांनी भर सभेत सांगितला. पुढच्या वर्षी त्याच परिषदेत त्या निमंत्रित वक्त्या होत्या.

त्यांच्यावर टीका झाली नाही असे नाही. गोऱ्यांसारखे केस सरळ करायला त्या शिकवतात, असा आरोप त्यांच्याच समाजातून झाला. आपले काम केस सरळ करण्याचे नसून त्यांना निरोगी करण्याचे आहे, असे त्या सांगत राहिल्या. तरी तापलेला कंगवा त्यांच्या पद्धतीत होता, हे विसरून चालणार नाही. मला वाटते, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जगाने ज्याला कुरूप ठरवले ते डोके त्यांनी प्रेमाने हाती घेतले, पण जगाचा आरसा त्यांना पूर्णपणे फोडता आला नाही. आज आमच्या वसतिगृहात महिन्याचे पैसे साठवून केस सरळ करून घेणाऱ्या मैत्रिणी आहेत. तो आरसा आपल्याला तरी कुठे फोडता आला आहे?

पैसा आल्यावर बाई आपल्या माणसांना विसरल्या नाहीत. 1917 साली फिलाडेल्फियात त्यांनी आपल्या एजंटांचे अधिवेशन भरवले. बक्षिसे नुसत्या विक्रीला नव्हती, समाजकार्यालाही होती. जमावाकडून कृष्णवर्णीयांच्या होणाऱ्या हत्यांविरुद्ध कायदा करा, अशी तार त्या अधिवेशनाने राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना केली. तसा देशव्यापी कायदा व्हायला 2022 साल उजाडावे लागले! 1918 मध्ये हडसन नदीकाठी व्हर्टनर टँडी या कृष्णवर्णीय वास्तुशिल्पज्ञाने त्यांचा वाडा बांधला. पण तो सुखाने उपभोगण्यास त्यांना वेळ मिळाला नाही. 25 मे 1919 रोजी, वयाच्या अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी, रक्तदाब व मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. कंपनीच्या पुढील नफ्याचा दोन तृतीयांश भाग त्यांनी मृत्युपत्राने धर्मादाय कार्यांना दिला होता. 1998 साली अमेरिकेने त्यांचे टपाल तिकीट काढले.

माझे डोके आता बरे आहे. वेणी सैल घालते, तेल बेताने लावते, आठवड्यातून दोनदा डोके धुते. केस अजून कुरळेच आहेत आणि ते तसेच राहणार आहेत. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा पाहिले, आईच्याही भांगाशी केस विरळ झाले आहेत. इतकी वर्षे ती माझे डोके चोळत आली, तिचे मी कधी पाहिलेच नव्हते. त्या रविवारी मी पाणी तापवले, तिला पाटावर बसवले आणि नखे न लावता हळूहळू तिचे डोके धुतले. ती काही बोलली नाही. धुण्याच्या सोड्याने चिरलेले तिचे हात मांडीवर तसेच पडून होते.

द्वितीय वर्षाचा अर्ज भरून झालेला आहे. तृतीय वर्षाच्या अर्जावर आईच्या धंद्याच्या रकान्यात मी खरे ते लिहीन.