पंडिता रमाबाई व त्यांची संकटे

आपल्या जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर आषाढात पाऊस कोसळत असतो, त्याच वेळी पूर्वेकडे बेल्ह्याच्या पुढचा घाट चढून आणे पठारावर गेले, तर तेथील शेतकरी कोरड्या आभाळाकडे पाहत बसलेला पुष्कळदा दिसतो. पठाराखालचा मुलूख धरणांच्या पाण्याने हिरवा झाला; पठार मात्र बव्हंशी पावसावरच डोळे लावून असते. रंगदास स्वामींच्या उत्सवात हजारो लोकांस आमटी-भाकरीचे जेवण घालणारे आणे हे गाव. भाकरीचे मोल काय असते, हे तेथील मुलांस पुस्तकातून शिकवावे लागत नाही. देव दयाळू आहे, तर त्याच्या लेकरांवर असे दिवस का यावेत, हा प्रश्नही अशा मुलखात पंडितांचा राहत नाही. तो घरोघरी विचारला जातो. आमच्या विद्यार्थ्यांनी तो आम्हांस विचारला आहे व त्यांच्या पालकांनीही विचारला आहे. त्यास उत्तर म्हणून सिद्धांत मांडण्यापेक्षा आपल्याच पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यातील केडगाव येथे, ज्यांनी आपले आयुष्य वेचले त्या पंडिता रमाबाईंचे चरित्र थोडक्यात सांगावे, असे आम्हांस वाटते.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान गृहस्थ. त्यांनी लोकरीतीस न जुमानता आपली पत्नी लक्ष्मीबाई हीस संस्कृत शिकविले, आणि पुढे त्या माउलीने ते धाकट्या मुलीस शिकविले. अतिथींचा सत्कार करता करता शास्त्रीबुवा कर्जात बुडाले व घरदार सोडून कुटुंबासह तीर्थयात्रेस निघाले. रमाबाई तेव्हा इतक्या लहान होत्या की, त्यांस वेताच्या पेटीत निजवून हमालाच्या डोक्यावरून नेत असत. पुढची पुष्कळ वर्षे ते कुटुंब पुराण सांगत गावोगाव हिंडले.

इ. स. 1874 च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळाने घेरले. जवळचे पैसे, दागिने, भांडीकुंडी, सर्व गेले. हलके काम करणे त्या कुटुंबाच्या रीतीत बसत नव्हते, आणि भीक मागावयाची तर लाज आड येई. तिरुपतीच्या बाजूस एका रानात त्यांनी अकरा दिवस पाणी, झाडपाला व रानटी खजूर ह्यांवर काढले. शेवटी शास्त्रीबुवांनी जलसमाधी घेण्याचे ठरविले. तेव्हा थोरला मुलगा श्रीनिवास पुढे झाला व जातीचा अभिमान बाजूस ठेवून आपण मोलमजुरी करून सर्वांस जगवू, असे त्याने सांगितले. म्हाताऱ्यास आनंदाने रडू आले. पण देह थकला होता. थोड्याच दिवसांत त्यांचा अंत झाला.

त्यानंतर आईची पाळी आली. रायचूर येथे ती तापाने व उपासाने अंथरुणास खिळली आणि तिने काहीतरी खावयास मागितले. सोळा वर्षांच्या रमाबाई शेजारच्या घरी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागावयास गेल्या. ज्या मुलीस भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत होते, तिच्या तोंडून एक शब्द निघेना. डोळ्यांतून मात्र पाणी वाहू लागले. घरच्या बाईने ओळखले व भाकरी हातावर ठेवली. रमाबाई धावत परत आल्या. पण आईच्या अंगी ती खाण्याइतकेही त्राण उरले नव्हते. ती वारली तेव्हा प्रेतास खांदा द्यावयास चार माणसे मिळेनात. चौथ्या जागी मुलगीच उभी राहिली आणि उंचीने कमी पडत असल्यामुळे तो भार तिने डोक्यावर घेतला. थोडे दिवस गेल्यावर थोरली बहीण कृष्णाबाईही गेली.

मागे राहिलेली भावंडे पायी उत्तरेस निघाली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून त्यांनी वाळूत खड्डे खणून त्यांत रात्र काढली. इ. स. 1878 मध्ये ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी ह्या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली व तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. आता दिवस पालटले असे वाटावे, तोच 1880 मध्ये श्रीनिवास वारला. मरतेवेळी त्याला बहिणीचीच काळजी होती. आपला सांभाळ करावयास एका देवावाचून कोणी नाही, असे ती म्हणाली, तेव्हा त्याला धीर आला. ह्या वेळी रमाबाई ख्रिस्ती झाल्या नव्हत्या, हे ध्यानात ठेवावे. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला. दोन वर्षेही झाली नाहीत तोच, 4 फेब्रुवारी 1882 रोजी, पटकीने पतीस नेले. मुलगी मनोरमा अद्याप एक वर्षाचीही नव्हती.

पुढील काही वर्षांचा वृत्तांत पुष्कळांस ठाऊक आहे. म्हणून तो आटोपता घेतो. रमाबाई पुण्यास आल्या, त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, आणि 1883 मध्ये त्या विलायतेस गेल्या. सिल्चर येथे पतीच्या पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांस आधीच सापडली होती. लंडनमध्ये फुलहॅम येथे भगिनी समाजाच्या स्त्रिया पतित म्हणून टाकलेल्या बायकांस कशा मायेने सांभाळतात, हे त्यांनी पाहिले व ख्रिस्ताने शोमरोनी स्त्रीशी केलेल्या संभाषणाचा अर्थ त्यांच्या मनात भरला. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

बाप्तिस्मा झाला म्हणजे माणसाचे भोग सरले, अशी समजूत कित्येकांची असते. काही उपदेशकही तसे सुचवितात. रमाबाईंच्या आयुष्यात तिला कोठेही आधार सापडत नाही. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत ह्यांचा विलायतेत शोचनीय अंत झाला. तो घाव ताजा असतानाच बाप्तिस्मा झाला. पुढे खुद्द चर्चच्या अधिकाऱ्यांशी खटके उडू लागले. चेल्टनहॅम येथे रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवू नये, असे हिंदुस्थानातील बिशपांचे मत पडले. रमाबाईंनी ते निमूटपणे मान्य केले नाही. स्वतः वाचून पटल्याखेरीज कोणतेही मत त्या स्वीकारीत नसत. ह्या बाण्यामुळे त्यांस आपली माणसे परकी झाली आणि नवी माणसे पूर्ण आपली झाली नाहीत. हा एकटेपणा उपासमारीहून हलका असेल, असे आम्हांस वाटत नाही.

अमेरिकेतून साह्य मिळवून त्यांनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईस शारदा सदन उघडले व पुढल्याच वर्षी ते पुण्यास आणले. 1893 साली वादळ उठले. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या, हे कळताच पालक संतापले. रानडे, भांडारकर ह्यांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून निघाले. पंचविसाच्या घरात मुली काढून नेल्या गेल्या. पालकांची बाजूही समजण्याजोगी होती, हे आम्ही मोकळेपणी म्हणतो. आपली मुलगी आपल्या धर्मात राहावी, ही इच्छा कोणास नसते? परंतु ज्या बालविधवांकरिता रमाबाईंनी समुद्र ओलांडला, त्यांच्याच घरची दारे बंद झालेली पाहणे त्यांस किती जड गेले असेल!

इ. स. 1896 मध्ये मध्यप्रांतात दुष्काळ पडल्याची वार्ता आली. रमाबाईंजवळ पैसा नव्हता आणि प्रकृतीही बरी नव्हती. लहानपणच्या हालअपेष्टांनंतर ऐकूही कमी येई. तथापि त्या निघाल्या. धर्मशाळांत व सरकारी अन्नछत्रांत हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहून वीस वर्षांपूर्वीचे रान त्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. आपण, आपला भाऊ व आपली बहीण असेच बसलो होतो, हे त्यांस आठवले. चांगल्या घरची मुलगी भुकेने मरत असताही मागू शकत नाही, हे दुसऱ्या कोणी त्यांस सांगावे लागले नाही. त्या न मागणाऱ्यांनाच शोधू लागल्या. आमच्या मते रमाबाईंच्या सर्व चरित्राची किल्ली येथे आहे. ईयोबाचे मित्र त्याच्या दुःखाची कारणे सांगत बसले व देवाच्या रागास पात्र झाले. रमाबाईंनी आईबापांच्या मरणाचे कारण कोणास समजावून सांगितले नाही. आई खाऊ न शकलेली ती भाकरी त्या इतरांच्या लेकींस भरवीत राहिल्या.

सुमारे तीनशे मुली घेऊन त्या परतल्या. तोच 1897 मध्ये पुण्यास प्लेग आला. इतक्या मुली शहरात ठेवण्यास परवानगी मिळेना, तेव्हा फळबागेसाठी घेतलेल्या केडगावच्या माळावर त्यांनी राहुट्या व झोपड्या उभारल्या. मुक्ती मिशन उभे राहिले ते असे, अडचणीच्या पोटी. प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांच्या वाट्यास येणाऱ्या वागणुकीविषयी त्यांनी वर्तमानपत्रात स्पष्ट लिहिले व सरकारची गैरमर्जी ओढवून घेतली. 1900 च्या गुजरातेतील दुष्काळानंतर केडगावास दोन हजारांच्या आसपास माणसे झाली. त्यांच्यासाठी विहिरी खणल्या, हातमाग चालू केले, छापखाना घातला. अंध मुलींकरिता बार्तिमी सदन निघाले, फसविल्या गेलेल्या स्त्रियांकरिता कृपा सदन. कित्येक मुली आल्या त्या इतक्या खंगलेल्या होत्या की, वाचल्या नाहीत. त्यांचे मरण रमाबाईंनी पुन्हा पुन्हा पाहिले.

उतारवयात त्यांनी एक मोठे काम हाती घेतले. जुन्या भाषांतराची मराठी अल्पशिक्षित बाईस कळत नाही, असे पाहून सबंध पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणण्यासाठी त्या इब्री व ग्रीक भाषा शिकल्या. पन्नाशीच्या आगेमागे नव्या लिप्या गिरवीत बसलेल्या ह्या बाईंचे चित्र, परीक्षेस कंटाळलेल्या आमच्या विद्यार्थ्यांनी एकदा डोळ्यांसमोर आणावे.

संस्थेची धुरा मनोरमाबाईंवर सोपवावी, असा त्यांचा विचार होता. परंतु 24 जुलै 1921 रोजी, चाळीस वर्षांच्या वयात, मनोरमाबाई आईच्या आधी गेल्या. आईबाप, बहीण, भाऊ, पती व आता एकुलती एक लेक! रमाबाईंनी तरीही मुद्रिते तपासण्याचे काम सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी केडगाव येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांनी भाषांतर केलेला संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडला. त्याचे खिळे जुळविणाऱ्या हातांत, दुष्काळात रमाबाईंनी उचलून आणलेल्या मुलींचे हातही होते.