गुरुपुत्राचे ऋण : कै. विष्णुपंत छत्रे

स्मरणिकेच्या या भागात आपल्या ज्ञातीतील कर्तबगार पुरुषांची चरित्रे देण्याचा आमचा प्रघात आहे. यंदा मात्र आम्ही ज्ञातीबाहेरच्या एका पुरुषाची निवड केली आहे, आणि तिचे कारण चरित्राच्या ओघात वाचकांस आपोआप उमगेल अशी आम्हांस आशा आहे.

विष्णु मोरेश्वर छत्रे हे नाव हिंदी सर्कशीचे जनक म्हणून सर्वश्रुत आहे. त्यांचे मूळ गाव सांगलीकडील अंकलखोप. बालपणापासून त्यांना दोन वेड होती, एक गाण्याचे व दुसरे घोड्यांचे. या दोन वेडांपायी घर सोडून ते ग्वाल्हेरीस पोहोचले. तेथे शिंदेसरकारच्या पदरी असलेल्या बाबासाहेब आपट्यांकडे त्यांनी अश्वविद्या संपादन केली व ख्यालगायनाचे महामेरू हद्दू खाँ यांच्या पायाशी बसून संगीताची तालीम घेतली. मुसलमान उस्तादाने ब्राह्मण शिष्यास विद्या द्यावी आणि शिष्याने ती गुरुगृही सेवा करून घ्यावी, यात त्या काळीही कोणास विटाळ वाटला नाही, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो.

पुढे विष्णुपंत कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयास आले. इ. स. 1879 मध्ये मुंबईत क्यारिनी नावाच्या इटालियन गृहस्थाची सर्कस आली होती. ती पाहून, असे खेळ आपल्या माणसांना का करता येऊ नयेत, या ईर्ष्येने विष्णुपंतांनी 1880 च्या सुमारास स्वतःची सर्कस उभी केली. कसरतपटू तयार करण्यासाठी त्यांनी थेट मलबारात तेल्लीचेरीच्या कीलेरी कुञ्ञिकण्णन यांना गळ घातली आणि केरळातील सर्कशीच्या परंपरेचे बीज त्यातूनच रुजले. ही कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. आम्हांस सांगावयाचे आहे ते याहून निराळे आहे.

हद्दू खाँ 1875 साली पैगंबरवासी झाले. त्यांचे पुत्र रहिमत खाँ हे अलौकिक गळ्याचे गवई होते. परंतु वडील गेले, गुणी भाऊ महंमद खाँ हेही अकाली गेले, आणि या माणसाच्या मनाचा तोल ढळला. अफूचे व्यसन जडले. ग्वाल्हेर सुटले आणि ख्यालगायकीचा हा वारस काशीच्या रस्त्यांवर फकिरासारखा फिरू लागला. ज्याच्या घरातून अवघ्या हिंदुस्थानने गाणे घेतले, त्याला दोन वेळचे अन्न देणारे कोणी उरले नाही.

विष्णुपंतांनी त्यांना तेथून आणले. गुरूचा मुलगा म्हणजे आपला भाऊ, हे नाते मानून त्यांनी खाँसाहेबांना आपल्या बिऱ्हाडी ठेवले आणि सर्कशीचा तळ जिथे हलेल तिथे सोबत नेले. एकीकडे घोडे, वाघ आणि झुल्यावरचे कसरतपटू, तर दुसरीकडे हा विक्षिप्त गवई, असा हा संसार होता. सर्कशीच्या मुक्कामाच्या गावी खाँसाहेबांचे जलसे होत आणि रसिक त्यांना भूगंधर्व म्हणून ओळखू लागले.

परंतु हे काम सोपे नव्हते. लहर लागली तर खाँसाहेब श्रोत्यांना देहभान विसरायला लावीत. लहर फिरली तर मध्येच थांबत आणि स्वतःशीच असंबद्ध पुटपुटू लागत. व्यसन एकाएकी तोडावे तर जिवावर बेतणार, मोकळे सोडावे तर गाणेही जाणार आणि माणूसही. अशा माणसास धाक चालत नाही आणि केवळ कौतुकही पुरत नाही. आमची समजूत अशी की, उमदे पण बुजरे जनावर चाबकाने बिघडते आणि धीराने वळते, ही अश्वशिक्षकाची जाण विष्णुपंतांना येथे उपयोगी पडली असावी.

येथे एक आक्षेप घेतला जाण्यासारखा आहे. जलशांचे पैसे येत होते. मग ही सेवा होती की धंदा? आम्ही हा प्रश्न टाळीत नाही. पैसा आला असेलच. पण 1905 साली विष्णुपंत निवर्तले, तेव्हा हे लोढणे झुगारून देण्यास कोणाची हरकत नव्हती. तरीही त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी खाँसाहेबांना आपल्या घरी ठेवून घेतले आणि 1922 मध्ये कुरुंदवाडातच त्यांचे देहावसान होईपर्यंत सतरा वर्षे त्यांचा सांभाळ केला. थकलेला गळा आणि हरवलेले मन यांतून सतरा वर्षे नफा निघत नसतो. या प्रश्नाचे उत्तर थोरल्या भावाच्या वचनात नसून धाकट्या भावाच्या वर्तनात आहे, असे आम्हांस वाटते.

खाँसाहेबांच्या उतारवयात ग्रामोफोनच्या काही तबकड्या निघाल्या. प्रत्येक बाजूस अवघी तीन-साडेतीन मिनिटे. ज्या गायकाचा एकेक ख्याल घटकान् घटका चाले, त्याचे आज आपल्यापाशी एवढेच उरले आहे. मात्र वारसा तबकडीतच राहतो असे नाही. किराण्याचे अब्दुल करीम खाँ रहिमत खाँच्या सुरेल, हळुवार गायकीने भारले गेले आणि तो सूर त्यांच्या गळ्यातून सवाई गंधर्वांपर्यंत व पुढे भीमसेन जोशींपर्यंत झिरपला. काशीच्या रस्त्यावरून ते गाणे कोणी उचलून आणले नसते, तर हा प्रवाह कदाचित तेथेच आटला असता.

आता आमच्या वाचकांस दोन शब्द. मुलचेऱ्यापासून आलापल्लीपर्यंत पसरलेल्या आपल्या सभासद कुटुंबांत संस्थानिक नाहीत आणि उस्तादही नाहीत. पण झाडीपट्टीच्या नाटकांत ज्यांच्या एका पदासाठी लोक रात्रभर थंडीत बसत, दंडारीत ज्यांचा आवाज दुसऱ्या गावापर्यंत ऐकू जाई, असे म्हातारे आपल्या घराघरांत आहेत. त्यांतले काही चिडखोर आहेत, काही व्यसनाधीन आहेत, काहींना स्वतःचे नावही आठवत नाही. घरची मंडळी त्यांना पाहुण्यांपासून लपवितात. आमची विनंती एवढीच की, त्यांना लपवू नये. त्यांच्यापाशी बसावे, औषधपाणी पाहावे, त्यांची पदे वहीत उतरून घ्यावीत आणि आज खिशाखिशांत असलेल्या यंत्रात त्यांचा आवाज साठवावा. आवाज साठविणे एका दुपारचे काम आहे. माणूस सांभाळणे वर्षानुवर्षांचे. छत्रे बंधूंनी दुसरे काम आधी केले, म्हणूनच पहिले शक्य झाले.

स्वतः गवई होऊ पाहणाऱ्या विष्णुपंतांचे नाव गायनाच्या इतिहासात गायक म्हणून राहिले नाही. पण गुरुपुत्राचे ऋण फेडून त्यांनी जे गाणे राखले, ते आजही ऐकू येते. अशा सत्पुरुषास आमचे विनम्र अभिवादन असो.