जॉन मार्शल : 'व्यापार' शब्दाचा अर्थ सांगणारे न्यायाधीश

'व्यापार' म्हणजे काय, असं मुलांना विचारून पाहा. खरेदी-विक्री, असंच उत्तर येईल. अमेरिकेत याच शब्दाच्या अर्थावर एक मोठा खटला चालला. त्याचा निकाल देणारे न्यायाधीश म्हणजे जॉन मार्शल.

मार्शल यांचा जन्म २४ सप्टेंबर १७५५ रोजी व्हर्जिनियात झाला. १५ भावंडांत ते थोरले. शालेय शिक्षण थोडंच. बरंचसं वडिलांनी घरीच शिकवलं. ते स्वातंत्र्ययुद्धात लढले, पुढे वकील झाले आणि १८०१ मध्ये सरन्यायाधीश.

तेव्हा न्यूयॉर्क राज्याने आपल्या हद्दीत वाफेच्या बोटी चालवण्याचा मक्ता मोजक्या लोकांनाच दिला होता. त्यांच्याकडून ऑग्डेन यांनी परवानगी घेतली. गिबन्स यांच्याकडे मात्र केंद्राचा परवाना. त्यांच्या बोटी न्यू जर्सीहून न्यूयॉर्कला यायच्या. राज्याच्या कोर्टाने त्या अडवल्या. प्रत्येक राज्य असं अडवू लागलं, तर देश एक राहील कसा? राज्याराज्यांतल्या व्यापाराचे नियम करण्याचा अधिकार घटनेने काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, दिला होता. पण बोट चालवणं हा व्यापार आहे का?

१८२४ मध्ये मार्शल यांनी निकाल दिला. व्यापारात जलवाहतूकही येते आणि काँग्रेसचा अधिकार राज्याच्या सीमेवर थांबत नाही. मात्र पूर्णपणे एकाच राज्यात चालणारा व्यापार त्या राज्याकडेच राहील. गिबन्स जिंकले, मक्ता मोडला.

१८३५ मध्ये पदावर असतानाच मार्शल यांचं निधन झालं. तेव्हा मुलांकडून व्याख्या नुसती पाठ करून घेऊ नका. अर्थ बदलला की कोणाची बोट अडते, हेही विचारा!