ध्वनीच्या उंबरठ्यावर

कशेडीचा घाट उतरणाऱ्या प्रत्येक चालकाला एक गोष्ट ठाऊक असते. वेग एका मर्यादेपलीकडे गेला, की स्टिअरिंग हातात असूनही गाडी आपल्या ताब्यात राहत नाही. घाटात ही मर्यादा आधीच्यांनी सांगून ठेवलेली असते. आकाशात मात्र ती कोणीतरी स्वतः तिथवर जाऊन शोधावी लागते. हे काम चाचणी वैमानिकांचे. जेफ्री डी हॅविलंड हा त्यांपैकीच एक.

त्याचा जन्म १८ फेब्रुवारी १९१० रोजी इंग्लंडमध्ये झाला. वडिलांचे नावही जेफ्रीच. ते विमानविद्येतील आद्य प्रवर्तकांपैकी एक. १९२० साली त्यांनी स्वतःची विमान कंपनी काढली. जे. आर. डी. टाटांनी १९३२ साली कराचीहून मुंबईला जुहूच्या मैदानावर टपाल आणले, ते 'पस मॉथ' विमान याच कंपनीचे. अशा घरात वाढलेल्या मुलाला विमानाचे वेड न लागते तरच नवल! मालकाचा मुलगा असूनही तो कारखान्यात उमेदवार म्हणून दाखल झाला आणि १९३७ साली कंपनीचा मुख्य चाचणी वैमानिक झाला.

दुसऱ्या महायुद्धात गाजलेले 'मॉस्किटो' हे लाकडी विमान २५ नोव्हेंबर १९४० रोजी प्रथम आकाशात नेले ते त्यानेच. २० सप्टेंबर १९४३ रोजी 'व्हॅम्पायर' या जेट लढाऊ विमानाचे पहिले उड्डाणही त्याचेच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये घरावर पहिला घाला पडला होता. धाकटा भाऊ जॉन हाही कंपनीचा चाचणी वैमानिक. दोन मॉस्किटो विमानांची हवेत टक्कर होऊन तो मरण पावला. तरीही महिन्याभरात जेफ्रीने व्हॅम्पायरचे उड्डाण केले!

युद्ध संपले आणि विमानशास्त्रज्ञांपुढे एक नवे कोडे उभे राहिले. विमान ध्वनीच्या वेगाजवळ, म्हणजे समुद्रसपाटीला ताशी सुमारे १,२२५ किलोमीटरच्या आसपास, पोचू लागले, की समोरच्या हवेला बाजूला सरायला अवसर मिळत नाही. ती दाबली जाते, पंखांवर आघातलहरी उठतात आणि विमान बेलगाम होते. यावर उपाय शोधण्यासाठी व्हॅम्पायरच्याच सांगाड्याला मागे वळलेले पंख बसवून आणि शेपटीचे आडवे पंख काढून 'डीएच १०८' हे प्रायोगिक विमान तयार झाले. १५ मे १९४६ रोजी जेफ्रीनेच ते प्रथम उडवले.

त्या सप्टेंबरात वेगाचा जागतिक विक्रम ताशी सुमारे ९९१ किलोमीटरवर गेला होता. तो मोडण्याची तयारी चालू होती. २७ सप्टेंबर १९४६ च्या सायंकाळी या जातीचे दुसरे विमान घेऊन जेफ्रीने हॅटफिल्डहून उड्डाण केले. थेम्स नदीच्या मुखावर अतिवेगाची चाचणी चालू असता विमानाला प्रचंड हिसके बसले आणि हवेतच त्याचे तुकडे झाले. जेफ्री तेव्हा अवघा ३६ वर्षांचा होता. दोन मुलगे गमावलेल्या आईने १९४९ साली जगाचा निरोप घेतला.

पण हे बलिदान वाया गेले असे म्हणता येणार नाही. पुढे एरिक ब्राऊन या वैमानिकाने याच जातीच्या विमानात तसाच वेग गाठून पाहिला. त्यालाही तसेच हिसके बसले, परंतु तो वाचला आणि अपघाताच्या कारणावर प्रकाश पडला. ६ सप्टेंबर १९४८ रोजी जॉन डेरी याने तिसऱ्या डीएच १०८ मधून सूर मारत ध्वनीचा वेग ओलांडला. अर्थात ही विद्या स्वस्तात मिळाली नाही. उरलेली दोन्ही विमाने १९५० साली कोसळली आणि त्यांचे वैमानिकही गेले.

१९४८ च्या अखेरीस व्हॅम्पायर भारतात आले. आपल्या वायुदलाचे ते पहिले जेट विमान. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांबच्या लढाईत आपल्या वैमानिकांनी तेव्हा जुनी झालेली हीच विमाने घेऊन शत्रूला तोंड दिले. त्यांत चार विमाने पडली.

रणांगणावर पडणाऱ्याचे स्मारक होते, आणि ते व्हायलाच हवे. चाचणी वैमानिकाचा शत्रू मात्र डोळ्यांना दिसत नाही. आज आपण जेट विमानात निर्धास्त बसतो. त्या निर्धास्तपणामागे जेफ्रीसारख्यांनी प्राण देऊन आखलेली मर्यादेची रेषा आहे, याचे स्मरण आपण ठेवले पाहिजे.