कर्करोगाचा माग काढणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर



रोग बरा करणाऱ्या वैद्याचे नाव लोकांच्या तोंडी राहते. परंतु रोग मुळात येतो कोठून, हे शोधून काढणाऱ्याचे ऋण आपण सहज विसरून जातो. शस्त्रक्रिया करणारे हात रोग्याला दिसतात, प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर वाकलेली मान त्याला दिसत नाही. अशाच एका थोर संशोधकाचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी एका गोमंतक मराठा कुटुंबात झाला. आमची मातृभाषा कोकणी. त्यामुळे या नावाविषयी आम्हांस अंमळ अधिकच जिव्हाळा वाटतो. वैद्यकाच्या शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी त्यांनी संपादन केली. रोगामुळे शरीरातील पेशींमध्ये कोणते पालट होतात, याचा अभ्यास करणारे शास्त्र ते विकृतिशास्त्र. स्वदेशी परतल्यावर मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले.

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पुढे दोराबजींच्या नावाच्या विश्वस्त निधीतून मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले व २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांचे संचालकपद डॉ. खानोलकरांकडे आले आणि त्यांच्या आयुष्यातील मोठ्या कार्यास आरंभ झाला.

त्या काळी हिंदुस्थानासारख्या उष्ण देशांत कर्करोग क्वचितच होतो, अशी अनेकांची समजूत होती. खानोलकरांनी वाद घालण्यापेक्षा मोजणी करणे पसंत केले. एकामागून एक आलेल्या तोंडाच्या कर्करोगाच्या १००० रोग्यांची त्यांनी पाहणी केली व तिचे निष्कर्ष १९४४ साली अमेरिकेतील एका शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. गाठ तोंडात नेमकी कोठे उठली आणि रोग्याला सवय कोणती होती, हे दोन प्रश्न वरवर किती साधे वाटतात! परंतु त्यांच्या उत्तरांची सांगड घालताच रोगाची वाट दिसू लागली.

१९४५ साली त्यांनी व त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी लोकांच्या चालीरीतींशी निगडित असे कर्करोगाचे तीन प्रकार वर्णिले. उत्तर हिंदुस्थानात चुन्याबरोबर मळलेली तंबाखू, म्हणजे खैनी, खालचा ओठ व हिरडी यांच्या खोबणीत ठेवतात; तेथेच गाठ उठते. आंध्रच्या किनाऱ्यावर काही लोक, विशेषतः स्त्रिया, चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढतात. त्यांच्या टाळूला कर्करोग होतो. तिसरा प्रकार कमरेला वर्षानुवर्षे घट्ट नेसलेल्या धोतराच्या काचाने त्वचेवर होणारा. ज्या ठिकाणी सवयीचा आघात, त्याच ठिकाणी रोग! दैवाच्या माथी मारलेल्या व्याधीचे मूळ असे माणसाच्या नित्याच्या आचारात सापडले.

हिरडीवरील रोग इतका भयंकर का, हेही समजून घेतले पाहिजे. हिरडीचे आवरण अगदी पातळ असून त्याच्या लगेच खाली जबड्याचे हाड असते. गाठ दातांच्या खाचांतून हाडात शिरते, दात हलू लागतात, आणि मग शस्त्रवैद्याला गाठीबरोबर जबड्याचा भागही कापून काढावा लागतो. खालच्या जबड्याचा मोठा भाग गेला की चेहरा बसतो, घास चावता येत नाही, लाळ गळते, बोलणे अस्पष्ट होते.

आज शस्त्रक्रियेने पुष्कळ मजल मारली आहे. पायाच्या नडगीशेजारचे बारीक हाड रक्तवाहिन्यांसह काढून त्याचा नवा जबडा घडवितात. त्यात टायटॅनियम धातूचे खिळे रोवून वर कृत्रिम दातही बसवितात. हाड त्या धातूशी एकजीव होते, हे मोठेच नवल. परंतु धूम्रपान करणाऱ्यांमध्ये असे खिळे निकामी होण्याचा संभव अधिक असतो. किरणोपचार झालेल्या जबड्याची जखम तर नीट भरून येत नाही, क्वचित ते हाडच मृत होते. म्हणून वाईट दात किरणोपचारापूर्वीच काढून घेतात. कितीही कुशल हातांनी घडविला, तरी नवा जबडा जुन्याची बरोबरी करीत नाही.

डॉ. खानोलकरांचे कार्य एवढ्यावरच थांबले नाही. कुष्ठरोग व रक्तगट यांवरही त्यांनी मोलाचे संशोधन केले. १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संस्थापक-संचालक होते. १९५४ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांना गौरविले जाते. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे देहावसान झाले. नवी मुंबईत खारघर येथील कर्करोग संशोधन संस्थेत त्यांच्या नावाची ‘खानोलकर शोधिका’ उभी आहे.

मित्रहो, हे चरित्र इचोड्याच्या शाळेत वाचण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. आपल्या बाजारात, बस थांब्यावर, शेतातील कामाच्या विसाव्यात तंबाखूची चिमूट किती सहज पुढे केली जाते, हे आपण सारे पाहतोच. नुसती सुपारीही निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिचीही गणना कर्करोगकारक पदार्थांत केली आहे. तोंडातील जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा वा लाल चट्टा उठला, तोंड पूर्ण उघडेनासे झाले, किंवा कारणावाचून दात हलू लागला, तर घरगुती औषधात दिवस न दवडता डॉक्टरांना दाखवावे. गाठ लहान असताना रोग बरा होण्याची आशा मोठी असते, आणि पुष्कळदा जबडाही वाचतो.

खानोलकरांनी १००० रोग्यांना जे दोन प्रश्न लावले, ते आपण आपल्या घरीही विचारू शकतो. आजोबांच्या चंचीत काय आहे, आणि त्यांच्या तोंडात काही दुखते आहे का? ज्या मुलाने प्रेमाने व आदराने एवढे विचारले, त्याने त्या थोर संशोधकाचे ऋण थोडेतरी फेडले, असे आम्ही समजू.